पत्ते जप्त करण्यापूर्वी

दोन वर्षांपूर्वी विज्ञान दिनाच्या निमित्ताने आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातील राजुऱ्याला गेलो होतो. एका शाळेत व्याख्यान झाले, आणि नंतर शिक्षकांच्या खोलीत चहा घेत असताना एका बाईंनी टेबलाचा खण ओढून आमच्यासमोर धरला. आत पत्त्यांचा ढीग होता. आपल्या ओळखीचे बदाम-किलवरचे पत्ते नव्हेत. प्रत्येकावर एखादा चित्रविचित्र प्राणी, खाली त्याच्या ताकदीचे आकडे, आणि काहींवर चमकणारा सोनेरी मुलामा. शाळेजवळच्या दुकानातून मुले बंद पाकीट विकत घेतात. आत कोणते पत्ते निघतील ते फोडल्याशिवाय कळत नाही. मधल्या सुट्टीत डाव मांडतात, भांडतात, आणि पत्ते या खणात येऊन पडतात.

"सर, हा जुगारच नाही का?" बाईंनी विचारले.

प्रश्न रास्त होता. उत्तर देण्यापूर्वी आम्ही ज्यांचे पत्ते जप्त झाले होते त्यांपैकी दोन मुलांना बोलावून घेतले. दोघे आठवीतले. एकाची गड्डी चांगली जाडजूड, पन्नास पत्त्यांची. दुसऱ्याची वीस पत्त्यांची. सर्वांत भारी पत्त्याला इथली मुले 'वाघ' म्हणतात. पहिल्याकडे तीन वाघ होते, दुसऱ्याकडे एकच. डावाच्या सुरुवातीला दोघांनी आपापली गड्डी पिसून वरचे पाच पत्ते हातात घ्यायचे. पहिल्याचे म्हणणे असे, की जितके पत्ते जास्त तितकी ताकद जास्त. दुसरा म्हणाला, "लय पत्ते असले तं पाहिजे तो निघतच नाही, सर. माही गड्डी लहान हाय, पण माहा वाघ टाइमावर येते."

कोण बरोबर? हा प्रश्न पूर्णपणे गणिताचा आहे, आणि तो मुलांनी स्वतः उभा केला होता. पाठ्यपुस्तकाने नव्हे.

आपापली गड्डी

पत्त्यांचे खेळ आपल्याला नवे नाहीत. सावंतवाडीचा गंजिफा प्रसिद्ध आहे. त्यातील दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकाचे बारा पत्ते, म्हणजे एकूण १२० पत्ते असतात; मोगली गंजिफ्यात आठ रंगांचे ९६. घरोघरी खेळला जाणारा बावन्न पत्त्यांचा कॅट तर सर्वांच्या परिचयाचा आहे. या सर्व खेळांत एक गोष्ट समान आहे. कॅट एकच असतो, तो पिसून सर्वांना वाटला जातो. कोणाच्या वाट्याला काय येईल ते नशिबावर; पण ते नशीब सर्वांना सारखे.

१९९३ साली अमेरिकेत 'मॅजिक: द गॅदरिंग' नावाचा खेळ बाजारात आला आणि ही पद्धत बदलली. त्याचा कर्ता रिचर्ड गारफील्ड हा गणितज्ञ. त्याच वर्षी त्याला पेन्सिल्व्हानिया विद्यापीठातून संचयशास्त्रात डॉक्टरेट मिळाली होती. त्याची कल्पना अशी, की पत्त्यांचे शेकडो प्रकार असावेत, ते खेळाडूंनी विकत घ्यावेत, एकमेकांत बदलावेत, आणि प्रत्येकाने त्यांतून निवडून आपली गड्डी घरून तयार करून आणावी. १९९६ साली जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते याच धर्तीवर निघाले. राजुऱ्याच्या खणातले पत्ते त्यांचीच स्वस्त नक्कल होते, आणि मुलांनी नियम आपापल्या सोयीने घडवले होते.

म्हणजे या खेळाचे दोन भाग झाले. एक, समोरासमोर बसून खेळण्याचा डाव. दुसरा, त्याआधी घरी बसून गड्डी जमवण्याचा डाव. खेळाडूंची खरी चर्चा चालते ती या दुसऱ्या डावाबद्दल.

वाघ केव्हा येतो?

लहान गड्डीपासून सुरुवात करू. वीस पत्ते, वाघ एक, हातात पाच पत्ते. पिसलेल्या गड्डीत वाघ वीसपैकी कोणत्याही जागी असू शकतो, आणि सर्व जागा सारख्याच शक्य आहेत. वरच्या पाच जागांपैकी एका जागी तो असण्याची संभाव्यता ५/२०, म्हणजे २५ टक्के. पन्नास पत्त्यांच्या गड्डीत एकच वाघ असता तर ती ५/५०, म्हणजे फक्त १० टक्के झाली असती.

पण जाड गड्डीत तीन वाघ आहेत. घाईने कोणी १०×३ = ३० टक्के म्हणेल. ते चूक आहे, कारण कधी कधी दोन वाघ एकदमच हातात येतात आणि असे हात दोनदा मोजले जातात. त्याऐवजी उलटे विचारू: एकही वाघ न येण्याची संभाव्यता किती? पन्नास जागांपैकी वरच्या पाच सोडून ४५ जागा उरतात. पहिला वाघ त्या ४५ मध्ये असण्याची संभाव्यता ४५/५०. आता ४९ जागा शिल्लक, त्यांपैकी ४४ 'खालच्या'. म्हणून दुसऱ्यासाठी ४४/४९. तिसऱ्यासाठी ४३/४८. तिन्हींचा गुणाकार ०.७२ येतो. म्हणजे निदान एक तरी वाघ येण्याची संभाव्यता सुमारे २८ टक्के.

तीन वाघ असलेला मुलगा आणि एकच वाघ असलेला मुलगा, २८ टक्के आणि २५ टक्के! लहान गड्डीवाल्याचे म्हणणे अगदी बरोबर होते. भरताड पत्ते घालून पहिल्याने आपलेच वाघ पुरून टाकले होते.

मोठ्या खेळांतही हेच गणित आहे. मॅजिकमध्ये गड्डी निदान ६० पत्त्यांची लागते, पोकेमॉनमध्ये बरोबर ६० ची. दोन्हींत सुरुवातीला सात पत्ते हातात घ्यायचे. एका नावाचे जास्तीत जास्त चार पत्ते घेता येतात. मूलभूत 'जमीन' किंवा 'एनर्जी' या पत्त्यांना मात्र ही मर्यादा नाही. हवा असलेला पत्ता पहिल्या सात पत्त्यांत येण्याची संभाव्यता वरच्याच रीतीने काढली तर असे दिसते: एक प्रत असल्यास सुमारे १२ टक्के, दोन असल्यास २२, तीन असल्यास ३२ आणि चार असल्यास ४० टक्के. आता चार प्रती तशाच ठेवून गड्डी ८० पत्त्यांची केली तर ४० टक्क्यांचे ३१ होतात. म्हणूनच जाणकार खेळाडू परवानगी असली तरी साठाव्या पत्त्यापुढे जात नाहीत. आवडता पत्ता बाहेर ठेवणे हे गड्डी जमवण्यातले सर्वांत अवघड काम आहे, आणि सर्वांत महत्त्वाचेही.

आम्ही केलेला घोटाळा

हा हिशेब आम्ही फळ्यावर करून दाखवला. मुले खूश झाली. जाड गड्डीवाला मुलगा हुशार होता. त्याने तिथल्या तिथे तीस कमजोर पत्ते काढून बाजूला ठेवले. आता त्याच्याकडे वीस पत्ते आणि तीन वाघ होते. दुसऱ्या मुलाचा चेहरा पडला.

का पडला ते गणितातून लगेच कळते. वीस पत्ते, तीन वाघ: एकही न येण्याची संभाव्यता १५/२० × १४/१९ × १३/१८, म्हणजे ०.४०. वाघ येण्याची ६० टक्के. समोर २५ टक्केच. आतापर्यंत पैसा एका बाजूला आणि अक्कल दुसऱ्या बाजूला होती, म्हणून खेळ बरोबरीत चालला होता. आम्ही अक्कल दोघांना सारखी वाटली, आणि शिल्लक राहिला तो फक्त पैशाचा फरक.

चौकशी केल्यावर आणखी एक गोष्ट कळली. लहान गड्डीवाल्या मुलाने पाकीट कधी विकत घेतलेच नव्हते. इतरांनी टाकून दिलेले, बदलून दिलेले पत्ते जमवून त्याची गड्डी झाली होती. गड्डी लहान ठेवणे हा आधी त्याचा नाइलाज होता. त्याचे गणित त्याला खेळता खेळता उमगले.

खोलीत थोडा वेळ शांतता होती. मग तोच मुलगा म्हणाला, "सर, एका गड्डीत वाघ एकच ठेवाचा. दोघायनंबी."

नियम म्हणजे समतोल

त्या मुलाने जे सुचवले त्याला या खेळांच्या जगात 'फॉरमॅट' म्हणतात. कोणते पत्ते चालतील, किती प्रती चालतील, गड्डी किती पत्त्यांची हवी, या नियमांचा संच म्हणजे फॉरमॅट. मॅजिकच्या सुरुवातीच्या नियमांत गड्डी निदान ४० पत्त्यांची असावी एवढेच बंधन होते. एका पत्त्याच्या कितीही प्रती घेता येत. ज्यांच्याकडे भारी पत्ता वीस-वीस प्रतींत होता त्यांच्यापुढे इतरांचे काही चालेना. म्हणून ६० पत्ते आणि चार प्रतींचा नियम आला. १९९५ साली आणखी एक पाऊल पडले. फक्त अलीकडच्या संचांतले पत्ते चालतील असा वेगळा फॉरमॅट सुरू झाला, जेणेकरून नव्याने आलेल्या मुलाला जुने, दुर्मीळ, महागडे पत्ते शोधत फिरावे लागू नये. पुढे 'पॉपर' हा फॉरमॅट रुजला. त्यात केवळ साधे, सहज मिळणारे पत्तेच चालतात. आणखी एका प्रकारात सर्वजण एकत्र बसून पाकिटे फोडतात, प्रत्येकजण एक पत्ता ठेवून उरलेले शेजाऱ्याकडे सरकवतो, आणि त्यातूनच गड्डी बनवायची असते.

जुने खेळाडू तक्रार करतात की आमचे जमवलेले पत्ते बाद झाले. तक्रार खोटी नाही. आणि नवे संच खपावेत हा कंपनीचा हेतूही त्यात असतोच. पण नियम बदलला की कोणाचा फायदा होतो, कोणाचा तोटा, आणि खेळ कोणाकोणाला खेळता येतो, हे प्रश्न नागरिकशास्त्राच्या तासाला शोभणारे आहेत. राजुऱ्याच्या त्या मुलाने एका वाक्यात त्यांचे उत्तर दिले होते.

सर्वांत भारी गड्डी कोणती?

मुलांचा पुढचा प्रश्न हाच होता. उत्तर असे, की बहुधा तशी गड्डी नसतेच. गड्ड्यांचे ढोबळ तीन प्रकार करता येतील. पहिली 'पळती': छोटे पत्ते भराभर टाकून लवकर डाव संपवणारी. दुसरी 'जुळवणारी': दोन-तीन ठराविक पत्ते जमले की एकदम जिंकणारी. तिसरी 'थोपवणारी': समोरच्याचा प्रत्येक हल्ला अडवत त्याला थकवणारी. पळती गड्डी जुळवणारीला हरवते, कारण तिची जुळवाजुळव होण्याआधीच डाव संपतो. थोपवणारी पळतीला हरवते. आणि थोपवणारी सावकाश चालते, तेवढ्यात जुळवणारीचे पत्ते जमून जातात. दगड-कागद-कात्रीचाच हा प्रकार.

आता आकडे घेऊ. समजा, शंभर डावांत पळती जुळवणारीला ६० वेळा हरवते. जुळवणारी थोपवणारीला ६० वेळा. पण थोपवणारी पळतीला तब्बल ८० वेळा हरवते. अशा शाळेत शेवटी कोणत्या गड्ड्या जास्त दिसतील? बहुतेक जण 'थोपवणारी' म्हणतात. हिशेब वेगळेच सांगतो. समतोल येतो तेव्हा पळत्या २० टक्के, थोपवणाऱ्या २० टक्के, आणि जुळवणाऱ्या ६० टक्के असतात!

ताळा करून पाहा. अशा मिश्रणात थोपवणारी गड्डी शंभर डाव खेळली, तर पळतीशी २० डावांत १६ जिंकेल, जुळवणारीशी ६० डावांत २४, आणि आपल्यासारखीशी २० डावांत १०. एकूण ५०. पळतीचे ४, ३६ आणि १० मिळून ५०. जुळवणारीचे ८, १२ आणि ३० मिळून ५०. कोणालाच गड्डी बदलून फायदा नाही. सर्वांत मोठा विजय मिळवणारी गड्डी सर्वांत जास्त असेलच असे नाही. त्या मोठ्या विजयात जिचा सहभागच नाही ती सर्वांत जास्त होते. कारण थोपवणाऱ्यांना आवरून धरायला तीच लागते.

निसर्गातही हा खेळ चालतो. कॅलिफोर्नियात सरड्याची एक जात आहे, तिच्या नरांचे गळे नारिंगी, निळे किंवा पिवळे असतात. नारिंगी नर आक्रमक. ते निळ्यांना हुसकावतात. पिवळे नर मादीसारखे दिसतात आणि नारिंगींच्या मोठ्या हद्दीत गुपचूप शिरतात. निळे मात्र आपल्या मादीवर पहारा ठेवून पिवळ्यांना जवळ येऊ देत नाहीत. सिनेर्व्हो आणि लाइव्हली या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले, की या तीन प्रकारांचे प्रमाण वर्षांमागून वर्षे चक्राकार बदलत राहते. आज ज्याची चलती, त्याचा पराभव करणारा उद्या वाढतो. शाळेच्या व्हरांड्यातही असेच चालू असते.

पाकिटाचा हिशेब

आता बाईंच्या मूळ प्रश्नाकडे येऊ. हा जुगार आहे का?

आमच्या मते गड्डी जमवणे हा जुगार नाही. पण बंद पाकीट जुगाराच्या पुष्कळ जवळ जाते. समजा, एका संचात ५० प्रकारचे पत्ते आहेत आणि प्रत्येक निघण्याची शक्यता सारखी आहे. पूर्ण संच जमवायला सरासरी किती पत्ते घ्यावे लागतील? पहिला पत्ता नवा असणारच. ४९ जमल्यावर मात्र शेवटचा हवा असलेला पत्ता ५० मध्ये एकदाच निघतो, म्हणून त्या एकट्यासाठी सरासरी ५० पत्ते घ्यावे लागतात. मधल्या सर्व पायऱ्यांची बेरीज केली तर एकूण सुमारे २२५ येते. त्यांपैकी पहिले २५ प्रकार जमायला फक्त ३४ पत्ते पुरतात. उरलेल्या २५ प्रकारांसाठी १९० च्या वर लागतात.

पत्ता दोन रुपयांचा धरला तर पहिला अर्धा संच ६८ रुपयांत, पूर्ण संच ४५० रुपयांत, आणि त्यातला शेवटचा एक पत्ता सरासरी १०० रुपयांना पडतो. प्रत्यक्षात सोनेरी पत्ते मुद्दाम कमी छापलेले असतात, म्हणून खर्च याहून पुष्कळ जास्त होतो. "अर्धे तर झाले, आता थोडेच राहिले" असे मुलाला वाटते तेव्हा खर्चाचा मोठा भाग पुढेच असतो. हे त्याला रागावून कळत नाही. बेरीज करून कळते. एक उपाय मुलांना आपोआप सापडलेला असतो. तो म्हणजे अदलाबदल. पाच मित्र मिळून पाच संच जमवू लागले, तर पाचपट खर्च मुळीच येत नाही, कारण एकाचा जादा पत्ता दुसऱ्याला हवाच असतो.

आपल्या जंगलाची गड्डी

त्या दुपारी बाईंनी खणातले पत्ते परत केले आणि वर्गाची स्वतःची गड्डी करायचे ठरले. साहित्य जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, कात्री आणि रंगीत पेन. पाकीट नाही, सोनेरी मुलामा नाही. कोणालाही कोणताही पत्ता बनवता येतो. प्राणी आपल्याच जंगलातले: चितळ, रानगवा, रानकुत्रा, अस्वल, बिबट, वाघ. नियम मुलांनी ठरवले. गवत-पाल्याचे दोन पत्ते मांडल्याशिवाय चितळ मांडायचे नाही. दोन चितळे किंवा एक रानगवा मांडल्याशिवाय वाघ मांडायचा नाही.

पहिल्या खेपेस प्रत्येकाने गड्डीत वाघ कोंबले आणि सर्वांचेच वाघ हातात अडकून पडले. मग चर्चा झाली: साठ पत्त्यांत गवत किती हवे? २४ गवताचे पत्ते ठेवले आणि सात पत्ते हातात घेतले, तर शंभरपैकी सुमारे ७७ हातांत दोन ते चार गवत येते. सुमारे १४ हातांत शून्य किंवा एक, आणि ८ हातांत पाच किंवा अधिक. म्हणजे चांगली गड्डीसुद्धा पाचात एकदा दगा देतेच. नशीब नाहीसे करता येत नाही. त्याला किती जागा द्यायची ते ठरवता येते.

राजुऱ्याच्या मुलांना वाघ म्हणजे नुसते चित्र नव्हे. या परिसरात माणसांचे बळी घेणाऱ्या एका वाघाला ऑक्टोबर २०२० मध्ये पकडण्यात आले, ते दिवस त्यांना आठवतात. म्हणून एका मुलीने विचारलेला प्रश्न आम्ही विसरलो नाही: "सर, गड्डीत गवताचे पत्ते कमी केले तर वाघ उपाशी राहते. मग खऱ्या जंगलात गवत कमी झालं तर तो कुठं जाईल?" अन्नसाखळीचा पाठ आम्ही घेतला नव्हता. तो पत्त्यांनी घेतला.

करून पाहा

१. बावन्न पत्त्यांचा नेहमीचा कॅट घ्या. प्रत्येक विद्यार्थ्याने तो नीट पिसून वरचे सात पत्ते पाहावेत, निदान एक एक्का आला का ते नोंदवावे आणि पत्ते परत मिसळावेत. चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गात सुमारे १८ जणांना एक्का मिळायला हवा. तुमच्या वर्गात किती आले? वरच्या रीतीने ४५ टक्के हे उत्तर मुलांना काढू द्या.

२. एका डब्यात १ ते १० आकड्यांच्या चिठ्ठ्या टाका. एक काढा, नोंदवा, परत टाका. दहाही आकडे येईपर्यंत किती वेळा काढावी लागली? सर्व गटांची सरासरी २९ च्या आसपास यावी.

३. आपल्या वर्गासाठी एक फॉरमॅट ठरवा. अट एकच: ज्याने एकही पाकीट विकत घेतलेले नाही अशा मुलालाही बरोबरीने खेळता आले पाहिजे. कोणते नियम लागतील? प्रत्येक नियमाने कोणाचे काय नुकसान होते तेही लिहा.

तिसऱ्या प्रश्नाचे एकच उत्तर नाही. परंतु तो सोडवताना वर्गात जे भांडण होईल, ते कृपया जप्त करू नये.